माग काढणाऱ्याचा पायरव : अनेक थ्रेडच्या सी प्रोग्रॅममधल्या ट्रेसिंग साधनांविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आहेत.)

मागच्या वेळी आपण थ्रेड आणि लॉक यांच्यावर बोललो. तेव्हा शेवटी एकांनी विचारलं होतं की हे सगळं ठीक, पण आत काय चाललंय ते बघायचं कसं? मी तेव्हा वेळ संपल्याचं निमित्त सांगून सुटलो. आज त्या प्रश्नावरच बोलायचं आहे.

आपल्याकडे पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, हल्ली तर वडापावचीही होते. पण आपण रोज हातात धरतो त्या साधनांची समीक्षा कुणी करत नाही. साधनाचं मॅन्युअल असतं, नाहीतर कौतुक असतं. 'आमच्या साधनाने अमुक दिसतं, तमुक दिसतं.' मला आज उलटा प्रश्न विचारायचा आहे. हे साधन बघत असताना प्रोग्रॅममध्ये काय बदलतं? आणि त्याला जे दिसलं नाही, ते तो आपल्याला सांगतो का? एकाच थ्रेडचा प्रोग्रॅम असेल तर हा प्रश्न फारसा टोचत नाही. साधनामुळे प्रोग्रॅम हळू झाला तर हळू झाला, क्रम तोच राहतो. थ्रेड आठ असले की क्रम हाच तर सगळा खेळ असतो. कोण आधी पोचलं, कोण थांबलं, कुणाच्या हातात कुलूप होतं. आणि बघणारा मध्ये उभा राहिला की नेमकं तेच बदलतं.

सुरुवात गरिबाच्या साधनापासून करू. प्रिंटएफ. हसू नका, इथे बसलेल्या प्रत्येकाने केलंय. मीही करतो. एका प्रोग्रॅममध्ये आठ कामकरी थ्रेड होते, एका रांगेतून निरोप उचलायचे आणि नोंदवायचे. दोन-तीन दिवसांतून एकदा एकच निरोप दोनदा नोंदला जायचा. मी रांगेच्या दोन्ही बाजूंना प्रिंटएफ टाकले. चूक गेली. आठवडाभर वाट बघितली, आली नाही. प्रिंटएफ काढले, तिसऱ्या दिवशी हजर.

असं का होतं? सी लायब्ररीत प्रत्येक आउटपुट स्ट्रीमला स्वतःचं एक कुलूप असतं. पॉझिक्स मानकाचीच तशी अट आहे, नाहीतर दोन थ्रेडच्या ओळी एकमेकींत मिसळतील. म्हणजे तुम्ही प्रिंटएफ लिहिता तेव्हा लिहिता एक ओळ, पण घालता एक लॉक. ग्लिबसीमध्ये तर आकड्याचं अक्षरांत रूपांतर होतं तेही हे कुलूप धरूनच. आता ज्या दोन थ्रेडांची टक्कर तुम्हाला पकडायची आहे ते दोघेही त्या टक्करीच्या दारात एकाच कुलपापाशी रांग लावून उभे! टक्कर होणार कशी? तुम्ही चोर पकडायला दारात पोलीस उभा केलात आणि वर तक्रार करताय की चोर येत नाही.

अशा लाजाळू चुकीला हायझेनबग म्हणतात. जिम ग्रे यांनी टँडेम कंपनीसाठी १९८५ साली लिहिलेल्या अहवालात हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. शब्द गमतीदार आहे, पण माझी त्याच्याविषयी तक्रार आहे. त्यामुळे वाटतं की हा काही निसर्गनियम आहे, क्वांटम वगैरे. इथे गूढ काहीच नाही. एक कुलूप आहे, ते कुठल्या फाइलमध्ये लिहिलंय ते उघडून बघता येतं.

प्रिंटएफचा दुसरा दोष तुम्हाला माहीत असेल. आउटपुट टर्मिनलवर असलं तर ओळ संपली की बाहेर पडतं. तेच फाइलकडे वळवलं की बफर भरेपर्यंत आत साठतं, आणि प्रोग्रॅम कोसळला की बफरमधलं त्याच्यासोबत जातं. त्यामुळे फाइलमधली शेवटची ओळ म्हणजे प्रोग्रॅमचा शेवटचा श्वास असं समजून कित्येक लोक भलत्याच फंक्शनमध्ये रात्र काढतात.

जीडीबीवर फार वेळ घालवत नाही. तो नेहमीच्या पद्धतीत एक थ्रेड थांबला की सगळे थांबवतो. २००९ साली आलेल्या ७.० आवृत्तीपासून एकालाच थांबवून बाकीचे चालू ठेवायची सोय आहे. मेलेल्या किंवा अडकून पडलेल्या प्रोग्रॅमची तपासणी करायला उत्तम. धावत्या शर्यतीचा माग काढणं हे त्याचं काम नाही आणि तो तसा दावाही करत नाही.

एसट्रेस मात्र दावा न करताही फसवतो. तो सिस्टिम कॉल दाखवतो, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलच्या दाराशी जातो ते प्रसंग. एफ हा पर्याय दिला की सगळे थ्रेड दिसतात. लोक त्यात लॉक शोधायला जातात आणि फ्युटेक्स नावाचे कॉल मोजतात. आता फ्युटेक्सची सगळी युक्ती काय आहे? २००२ मध्ये तो लिनक्ससाठी मांडला गेला तेव्हा कल्पना अशी होती की कुलूप मोकळं असेल तर थ्रेडने ते आपल्याच मेमरीत एका अणुक्रियेने घ्यावं, कर्नलला विचारूच नये. कुलूप दुसऱ्याकडे असेल तरच कर्नलकडे जाऊन झोपावं. म्हणजे एसट्रेसला फक्त भांडणं दिसतात. शंभरातली नव्याण्णव कुलपं गुपचूप घेतली-सोडली गेली असतील तर त्यांचा तिथे मागमूस नाही. वरून एसट्रेस प्रत्येक कॉलला थ्रेडला दोनदा थांबवतो, जाताना आणि येताना. त्यामुळे थ्रेडांचा वेग बदलतो आणि भांडणांची संख्याही बदलते. एसट्रेसच्या आधारे 'आपल्या प्रोग्रॅममध्ये लॉक फार कमी वापरले आहेत' असा निष्कर्ष काढलेला मी एका बैठकीत ऐकलाय. मी गप्प बसलो, कारण सांगणारे वरिष्ठ होते.

तर आपल्याला युजर-स्पेसमधलं, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या अंगणातलं बघायचं आहे. इथे दोन घराणी आहेत. एक म्हणतं, प्रोग्रॅमला हात लावू नका, बाहेरून सापळा लावा. दुसरं म्हणतं, लिहिणाऱ्याने आतच खुणा ठेवाव्यात.

पहिल्या घराण्याचा आजचा प्रतिनिधी म्हणजे युप्रोब. लिनक्सच्या ३.५ आवृत्तीत, २०१२ मध्ये आला. चालत्या प्रोग्रॅमच्या एखाद्या सूचनेच्या जागी तो ब्रेकपॉइंटची एक बाइटची सूचना ठेवतो. थ्रेड तिथे आला की कर्नलमध्ये पडतो, नोंद होते, मूळ सूचना बाजूच्या एका जागेत चालवली जाते आणि थ्रेड पुढे जातो. 'बाजूच्या जागेत' हे महत्त्वाचं आहे. जुन्या पद्धतीत मूळ सूचना परत जागेवर ठेवून, एक पाऊल चालून, पुन्हा सापळा लावत. तेवढ्या वेळात दुसरा थ्रेड तिथून बिनबोभाट निघून जायचा, नाहीतर त्याला थांबवून ठेवावं लागायचं. युप्रोबने ती अडचण नीट सोडवली आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. बीपीएफट्रेसमधून एका ओळीत तुम्ही म्युटेक्स लॉकच्या फंक्शनवर युप्रोब लावू शकता, प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता. जादूच वाटते.

जादूची किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागते. प्रत्येक नोंदीला कर्नलची एक फेरी आहे. सेकंदाला दहा-वीस वेळा होणाऱ्या घटनेला ती जाणवतही नाही. पण ज्या कुलपाचं सगळं सौंदर्य हे की ते कर्नलकडे न जाता घेता येतं, त्याच्यावर युप्रोब लावला की ते दर वेळी कर्नलकडे जायला लागतं. दुसरी किंमत कंपायलरची. ओटू पातळीवर कंपाइल केलं की छोटी फंक्शनं हाक मारणाऱ्याच्या अंगात विरघळून जातात. सापळा लावायला ते फंक्शन जागेवर नसतंच. आणि तुम्हाला बघायची असते ती घटना बहुधा अशाच चार ओळींच्या फंक्शनमध्ये असते.

दुसऱ्या घराण्याची वाट डीट्रेसने रुंद केली. सन कंपनीच्या कँट्रिल, शपिरो आणि लेव्हेन्थॉल यांचा त्यावरचा निबंध २००४ चा. चालू सर्व्हरवर, गिऱ्हाईक समोर असताना वापरता येईल असं साधन, ही त्यांची अट होती. त्यातली युजर प्रोग्रॅमसाठीची स्थिर खुणांची पद्धत लिनक्सवर सिस्टिमटॅपच्या मार्गे आली. लिहिणारा कोडमध्ये खूण ठेवतो. तिथे काहीच न करणारी एक सूचना बसते आणि खुणेचा पत्ता फाइलच्या वेगळ्या कप्प्यात लिहिला जातो. कुणी बघत नसेल तेव्हा खर्च जवळजवळ शून्य. पोस्टग्रेसमध्ये अशा खुणा आहेत, ग्लिबसीच्या थ्रेडच्या भागातही आहेत. नावं वाचूनच आनंद होतो : म्युटेक्सकडे आला, म्युटेक्स मिळाला, म्युटेक्स सोडला. पण बघायला सुरुवात केली की लिनक्सवर या खुणाही सहसा युप्रोबनेच जागवल्या जातात, म्हणजे कर्नलची फेरी आलीच. ठेवताना स्वस्त, वापरताना महाग.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तो एलटीटीएनजी, आणि त्यातला युजर-स्पेसचा भाग, यूएसटी. मॅथ्यू देनोयर्स यांचं मॉन्ट्रियलच्या पॉलिटेक्निकमधलं काम. या सगळ्या साधनांत हा एकच असा आहे की ज्याच्या रचनेत पहिल्यापासून 'थ्रेड एकमेकांची वाट बघणार नाहीत' ही अट आहे. इथे प्रत्येक कोअरला स्वतःचा रिंग बफर आहे, तोही प्रोग्रॅम आणि नोंदी उचलणारा डिमन यांच्या सामायिक मेमरीत. थ्रेड ट्रेसपॉइंटवर आला की ज्या कोअरवर तो चाललाय त्याच्या बफरमध्ये एका अणुक्रियेने जागा राखतो, लिहितो, निघतो. कुलूप नाही, कर्नलची फेरी नाही. प्रिंटएफच्या तुलनेत हा फरक वेगाचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते वेग दुय्यम आहे. प्रिंटएफ थ्रेडांमध्ये नातं निर्माण करतो, यूएसटी करत नाही, ही खरी गोष्ट.

इतकी चांगली रचना असूनही लोक ती वापरत का नाहीत? कारण दारातच काटे आहेत. एक घटना नोंदवायची तर वेगळी हेडर फाइल, त्यात मॅक्रोंची अशी रचना की तीच फाइल पुन्हा पुन्हा समाविष्ट होते, आणि एक स्वल्पविराम चुकला तर कंपायलर दोन पानं ओरडतो. ट्रेसएफ नावाची सोपी वाट आहे, प्रिंटएफसारखीच लिहायची, पण मग मजकूर जागच्या जागी घडवावा लागतो आणि सगळी नोंद एक ओळ होऊन बसते. नंतर त्यातून थ्रेडनिहाय आकडे काढायचे म्हणजे पुन्हा ग्रेप आणि आपण. प्रोग्रॅम फोर्क करत असेल तर आणखी एक लायब्ररी आधी चढवायची. हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे, नाही असं नाही. तरी तीन गोष्टींवर मी गुण कापतो.

पहिली गोष्ट. नेहमीच्या मांडणीत नोंदीसोबत वेळ येते, कोअरचा क्रमांक येतो. थ्रेडचा क्रमांक येत नाही! तो हवा असेल तर संदर्भ म्हणून वेगळा मागावा लागतो. प्रत्येक नोंद लहान राहावी म्हणून हे केलंय, कारण समजतं. पण नवखा माणूस कोअरच्या क्रमांकालाच थ्रेड समजून वाचतो. थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर उड्या मारत असतात, आणि वाचणारा दोन वेगळ्या थ्रेडांची कहाणी एकाच्या नावावर लिहून मोकळा होतो. अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅमसाठी बांधलेल्या साधनात साक्षीदाराचं नावच ऐच्छिक असावं, हे मला अजून पटलेलं नाही.

दुसरी. बफर भरला तर काय? नेहमीच्या पद्धतीत नवी नोंद टाकून दिली जाते आणि किती टाकल्या त्याची मोजणी ठेवली जाते. ही पद्धत मला आवडते, कारण पर्याय काय, थ्रेडला थांबवणं? म्हणजे पुन्हा प्रिंटएफ. शिवाय कबुली दिलीय की इतकं मी पाहिलं नाही. पण ती कबुली पोचते कशी? बेबलट्रेसने नोंदी वाचताना इशारा एररच्या वाटेने पडद्यावर येतो. तुम्ही मजकूर फाइलमध्ये वळवलेला असतो, फाइल सहकाऱ्याला पाठवता, आणि इशारा तुमच्या पडद्यावरून वर सरकून गेलेला असतो. सहकाऱ्याला दिसतं की सात नंबरच्या थ्रेडने कुलूप घेतलं आणि सोडलंच नाही. तो म्हणतो डेडलॉक. सोडल्याची नोंद फक्त हरवलेली असते. आणि ही गळती सारखी वाटली जात नाही, बरं का. ज्या कोअरवर गर्दी जास्त त्याचाच बफर आधी भरतो. म्हणजे जिथे बघायचं होतं, ज्या क्षणी बघायचं होतं, तिथलंच जातं.

तिसरी गोष्ट यूएसटीपुरती नाही. ती सगळ्याच साधनांना लागू आहे, आणि तिच्यापायी माझ्या हातून एक अन्याय झालाय. सांगतो.

तोच निरोप दोनदा नोंदणारा प्रोग्रॅम. प्रिंटएफ सोडून मी ट्रेसपॉइंट घातले होते. कुलूप मिळालं की एक, सोडलं की एक. चूक आली, नोंदी काढल्या, आणि मला दिसलं की एकाच वेळी दोन थ्रेड कुलपाच्या आत आहेत. पाच नंबरने 'मिळालं' म्हटलंय आणि दोन नंबरने अजून 'सोडलं' म्हटलेलं नाही. टाइमस्टॅम्प नॅनोसेकंदांत, समोर स्वच्छ. त्या कुलपाभोवतीचं आवरण आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाने लिहिलेलं होतं, पहिलीच नोकरी. मी बैठकीत पडद्यावर त्या दोन ओळी दाखवल्या आणि म्हटलं, तुझं कुलूप गळतंय. तो काही बोलला नाही. तीन आठवडे त्याने ते आवरण तीनदा नव्याने लिहिलं. मी दर वेळी ट्रेस काढायचो आणि दर वेळी तेच दिसायचं. चौथ्यांदा त्याने कोड लिहिलाच नाही. माझ्या टेबलापाशी कागद घेऊन आला आणि म्हणाला, "सर, तुमचा ट्रेसपॉइंट अनलॉकच्या नंतर आहे."

कागदावर एवढंच होतं. दोन नंबरने कुलूप सोडलं. त्याच क्षणी शेड्युलरने त्याला बाजूला काढलं. नोंद अजून लिहायची आहे. पाच नंबर आला, कुलूप मोकळंच होतं, घेतलं, नोंद लिहिली. मग दोन नंबर परत धावायला लागला आणि त्याने 'सोडलं' असं लिहिलं. दोघेही खरं बोलत होते. वेळही खरी होती, फक्त ती घटनेची नव्हती, साक्ष देण्याची होती. पंचनामा कधी लिहिला त्याची वेळ मी चोरीची वेळ म्हणून वाचत होतो.

उपाय त्याच कागदावर होता. 'मिळालं' ही नोंद कुलूप मिळाल्यानंतर आणि 'सोडतोय' ही नोंद सोडण्याच्या आधी. मग नोंदीतला काळ हा खऱ्या ताब्याच्या काळाच्या आतच बसतो. असे दोन काळ एकमेकांवर आले तरच कुलूप खरोखर मोडलंय. याची किंमत आहे. नोंद लिहिण्याचा वेळ आता कुलपाच्या आत गेला, म्हणजे ताबा तेवढा लांबला. मी ती किंमत देतो. तुम्हाला परवडत नसेल तर खूण बाहेर ठेवा, पण मग त्या नोंदीवरून कुणावर बोट ठेवू नका. खूण जागेवर ठेवली आणि एका दिवसात कळलं की कुलूप शाबूत होतं. रांगेची लांबी वाचणारी एक वाट कुलूप न घेताच वाचत होती. ती वाट माझी होती. (हशा)

हे शहाणपण तुम्हाला तयार साधनांत मिळेल असं समजू नका. ग्लिबसीची ती जी 'म्युटेक्स सोडला' खूण मी मघाशी कौतुकाने सांगितली, ती साध्या म्युटेक्ससाठी सोडून झाल्यानंतरच्या ओळीवर आहे. यूएसटीसोबत पीथ्रेडचं जे तयार आवरण येतं तेही अनलॉक काय उत्तर घेऊन परतलं ते नोंदवतं, म्हणजे नोंद नंतरच होणार. दोन्ही ठिकाणी हेतू वाईट नाही. 'काम पूर्ण झालं' हे सांगायचं तर नंतरच सांगावं लागतं. पण एक थ्रेड डोळ्यांसमोर ठेवून हे बरोबर आहे. दोन ठेवले की नाही.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या निबंधात हे वेगवेगळ्या यंत्रांविषयी मांडलं होतं : घड्याळाने लावलेला क्रम एक, आणि 'हे त्याच्या आधी घडलंच असलं पाहिजे' हा क्रम दुसरा. दुसऱ्याला आधार लागतो, म्हणजे एकाने पाठवलेलं दुसऱ्याला मिळालेलं असावं लागतं. एकाच डब्यातल्या आठ कोअरना ते लागू आहे हे आपण विसरतो, कारण डबा एक आहे. ट्रेस दाखवणारी सगळी देखणी साधनं, आडव्या रंगीत पट्ट्यांची, पहिला क्रम काढून दाखवतात. बघणारा दुसरा वाचतो. नोंदींच्या दोन्ही बाजूंना थोडी अनिश्चितता पुसट रंगात दाखवणारं एकही चित्र मी अजून पाहिलेलं नाही.

आता एक उदाहरण, जिथे हे काम नीट झालं होतं. मार्स पाथफाइंडर. ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत, हवामानाच्या नोंदी घ्यायला लागल्यावर, त्याचा संगणक आपोआप रीसेट व्हायला लागला. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, प्राधान्याच्या उलटापालटीची, वर्गात शिकवतात. हवामानाचं काम कमी प्राधान्याचं, त्याने एक म्युटेक्स धरला. बसवरून माहिती वाटणारं काम वरच्या प्राधान्याचं, ते त्या म्युटेक्सवर थांबलं. मधल्या प्राधान्याच्या कामांनी हवामानवाल्याला धावू दिलं नाही. वरचं काम वेळेत संपलं नाही म्हणून पहारेकऱ्याने सगळं रीसेट केलं. व्हीएक्सवर्क्स ही तिथली ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्या काळी तिच्यातली सगळी कामं एकाच मेमरीत चालत, म्हणजे आपल्या थ्रेडांसारखीच.

वर्गात शिकवतात ते इथे संपतं : म्युटेक्सवर प्राधान्याच्या वारशाचा पर्याय बंद होता, चालू केला, सुटलं. मला शिकवण्यातली हीच उणीव वाटते. ते सापडलं कसं? प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज यांनी नंतर जाहीरपणे लिहिलं आहे. नोंदी घेणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होती, दुसरीच एक जुनी चूक शोधायला बांधलेली. ती चुकून राहिली नव्हती, मुद्दाम ठेवली होती, कारण जे तपासलं तेच उडवायचं असा त्यांचा दंडक. ती रिंग बफरमध्ये सतत लिहीत राहायची आणि नेमकी ही चूक दिसली की लिहिणं थांबवून सगळं बाहेर ओतायची. मंगळावरून तो ढीग आणणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी तेच सॉफ्टवेअर, काही न बदलता, प्रयोगशाळेत तीच कामं करत पुन्हा पुन्हा चालवलं. अठरा तासांच्या आत चूक घडली, आणि नोंदीत कारण उघड होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे लिहिली आहे. ही चूक उतरण्याआधीही दिसली होती, पण माग काढायला गेल्यावर पुन्हा घडली नव्हती.

'काही न बदलता' हे शब्द बघा. चूक आल्यावर त्यांनी नोंदीची सोय घातली असती तर तो वेगळा प्रोग्रॅम झाला असता, माझ्या प्रिंटएफसारखा. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये बघणाऱ्याचं वजन पहिल्या दिवसापासून होतं, त्यामुळे बघितल्याने काही हललं नाही. आपल्याकडे उलट चालतं. रिलीजच्या आधी ट्रेसिंग काढा, जागा वाचते, वेग वाढतो. मग गिऱ्हाइकाकडे चूक आली की ट्रेसिंग घातलेली खास आवृत्ती पाठवा, आणि त्या आवृत्तीत चूक येत नाही म्हणून फाइल बंद.

माझं बोलून झालंय. प्रश्न असतील तर घेऊ.

(प्रश्न : सर, आता थ्रेडसॅनिटायझर आहे, आरआर आहे. मग हाताने ट्रेसपॉइंट कशाला?)

चांगलं विचारलंत. थ्रेडसॅनिटायझर मी वापरतो आणि तुम्हीही वापरा. वर सांगितलेली माझी चूक, कुलूप न घेता वाचणं, त्याने पहिल्या तासात पकडली असती. तो लॅम्पोर्टचा दुसरा क्रम खरोखर मोजतो. पण प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट हळू होतो, मेमरीही काही पट लागते, म्हणून तो चाचणीच्या खोलीतच राहतो. आणि त्याला डेटा रेस कळते. निरोप उशिरा का पोचला, कुलपाच्या रांगेत कोण किती वेळ होतं, हे त्याचं काम नाही. पाथफाइंडरमध्ये डेटा रेस नव्हतीच, कुलूप अगदी नियमाने घेतलं होतं. आरआर सुंदर आहे, घडलेलं उलटं चालवून बघता येतं. त्यासाठी तो एका वेळी एकच थ्रेड धावू देतो. खऱ्या अर्थाने दोन कोअरवर एकाच क्षणी होणारी गोष्ट तिथे होत नाही. त्यांनी थ्रेडांचा क्रम मुद्दाम बिघडवणारी पद्धत दिली आहे, तिने बरंच बाहेर येतं, सगळं नाही.

(प्रश्न : ट्रेसपॉइंट कायम ठेवा म्हणता, पण आमचे साहेब म्हणतात वेग जातो. बंद असलेल्याचा खर्च किती?)

यूएसटीमध्ये बंद ट्रेसपॉइंट म्हणजे मेमरीतून एक चिन्ह वाचणं, तपासणं आणि पुढे जाणं. त्याला द्यायची माहितीही त्या तपासणीच्या आतच तयार होते, त्यामुळे बंद असताना ती तयार करायचा खर्च नाही. सिस्टिमटॅपच्या खुणेत उघड फक्त ती काही न करणारी सूचना असते, पण एक मेख आहे. खुणेला दिलेली माहिती कुणी बघो न बघो तयार होते. तिथे तुम्ही शंभर अक्षरांच्या मजकुराची लांबी मोजत असाल तर ती दर वेळी मोजली जाणार. त्यासाठी सेमाफोरची सोय आहे, कुणी बघतंय का ते आधी विचारायची. साहेबांना सांगा, सूचना मोजू नका, खुणेच्या कंसात काय लिहिलंय ते वाचा. आणि चालू ठेवायचं असेल तर यूएसटीत जुन्यावर नवं लिहीत जाणारी पद्धत लावा, डिस्कवर काही जात नाही, चूक दिसली की त्या क्षणीचा साठा काढून घ्या. पाथफाइंडरवाल्यांनी केलं ते हेच.

(प्रश्न : तो मुलगा पुढे काय म्हणाला?)

काही नाही. मी त्याच बैठकीत, त्याच पडद्यावर, तो कागद दाखवला आणि माझी चूक सांगितली. तो आता दुसरीकडे आहे. आज बोलायच्या आधी मी त्याला ही टिपणं वाचायला पाठवली होती. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. मी 'दोन आठवडे' लिहिलं होतं, त्याने तीन केलं.